वर्षातून एकदाच रन होणारा प्रोग्रॅम

बीबी कुठे आहे, सांगा बघू? बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात. लोणारचं सरोवर आपल्याला भूगोलाच्या पुस्तकातून पाठ असतं, पण त्याच्या आसपासच्या शेतातल्या मातीबद्दल कोणी विचारलं की आपली दांडी गुल!

थोडं गणित करू. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, साधारण एक टँकर. तासाभरात ५० मिलिमीटर कोसळला तर पन्नास टँकर. आता आपली काळी माती. कोरडी असताना भेगाळते, भिजली की फुगते आणि भेगा बुजतात. मग पाणी मुरतं अगदी हळू, उरलेलं उताराने पळतं आणि जाताना माती घेऊन जातं. हेक्टरभर शेतावरून मातीचा १ मिलिमीटर थर गेला तर जवळपास १३ टन माती गेली! डोळ्यांना काही दिसतसुद्धा नाही.

हा हिशोब मांडणं हे कृषी अभियांत्रिकीतल्या मृद व जलसंधारण शाखेचं काम. विदर्भासाठी अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ साली झालं, तिथे हा विषय शिकवतात आणि त्यावर संशोधनही चालतं. आता तुम्ही म्हणाल, त्यात संशोधन ते काय? फॉर्म्युला तर आहे ना! आहे की. विशमायर आणि स्मिथ यांनी अमेरिकेतल्या हजारो नोंदींवरून मातीच्या धुपीचं समीकरण बसवलं. पाऊस, माती, उताराची लांबी, उताराचा चढ, पीक आणि बांधबंदिस्ती, यांचा सरळ गुणाकार. पण लायब्ररी आयात केली तरी कॉन्फिग फाइल आपलीच लागते. आपल्या मातीचे आणि आपल्या पावसाचे आकडे इथेच मोजावे लागतात.

आणि इथेच खरी गोची आहे. आपण दिवसातून दहा वेळा बिल्ड मारतो. यांचा प्रोग्रॅम वर्षातून एकदाच, खरिपात रन होतो. पाऊस दडी मारून बसला की त्या वर्षीचं आउटपुट वेगळंच. तीस वर्षं नोकरी केली तर जेमतेम तीस रन! रुंद सरी-वरंब्यावर सोयाबीन पेरलं की जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं आणि खंड पडला तर ओल टिकते. ही साधी वाटणारी गोष्टसुद्धा कोणीतरी हंगामामागून हंगाम मोजूनच ठरवली आहे.

‘आता सॅटेलाइट आहे, एआय आहे, माणसं कशाला?’ हा आपल्या लोकांचा आवडता प्रश्न. अहो, मॉडेलला खरा डेटा कोण देणार? जुलैच्या पावसात शेताच्या टोकाला उभं राहून गढूळ पाण्याची बाटली भरणारा माणूसच ना?

या माणसाला आपण काय देतो? कृषी विद्यापीठांतल्या रिकाम्या जागांच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. माझं मत सरळ आहे. या जागा भराव्यात, आणि तीन वर्षांच्या प्रोजेक्टऐवजी वीस-वीस वर्षं चालणाऱ्या नोंदींना पैसा द्यावा. मधली पाच वर्षं गाळली तर ती नंतर विकत मिळत नाहीत, बॅकअप नसतो!

आणि हो, पुढच्या कॅप राउंडला तुमच्या मामेभावाला कृषी अभियांत्रिकी मिळाली, तर ‘ड्रॉप घे’ म्हणण्याआधी वरचं १३ टनांचं गणित त्याला एकदा दाखवा.

बघा, पटतंय का.