खाऱ्या पाण्यातील निदण

काचेच्या पेटीत खारे पाणी भरून त्यात मासे व प्रवाळ पाळण्याची हौस आता काही घरांत शिरली आहे. ही हौस खर्चाची आहे. काही महिन्यांतच हिरवे केसाळ शेवाळ दगड व्यापून प्रवाळांवर चढू लागले, म्हणजे घरातील वडील मंडळी चिडतात आणि तरुण एखादे जालीम औषध शोधू लागतो. ते पाण्यात ओतण्यापूर्वी त्याने हे चार शब्द वाचावेत, अशी आमची इच्छा आहे.

शेवाळ हा रोग नव्हे, ते लक्षण होय. उरलेले खाद्य, माशांची विष्ठा व अशुद्ध पाणी ह्यांतून नायट्रेट आणि फॉस्फेट साचतात व त्यांवर ते पोसते. खते घातलेल्या शेतालगतच्या विहिरीतूनही नायट्रेट येऊ शकते. तांबेयुक्त औषधाने शेवाळाआधी गोगलगायी व प्रवाळच मरतील. प्रभू येशूच्या दृष्टांतातील धनी चाकरांना निदण उपटू देत नाही, कारण त्याबरोबर गहूही उपटला जाईल हे तो जाणतो.

तेव्हा उपाय संयमाचा करावा. मासे दोनएक मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य द्यावे. पेटीवर ऊन पडू देऊ नये. दिवा आठ तास पुरे. शेवाळ हलक्या हाताने काढून बाहेर टाकावे. आत कुजले तर तेच खत पुन्हा पाण्यात उतरते. शंभर लिटरच्या पेटीतील दहा लिटर पाणी दर आठवड्यास बदलावे. नवे पाणी आरओ यंत्राने शुद्ध केलेले असावे व त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मत्स्यपेटीसाठीचे सागरी मीठ मिसळावे. आटलेल्या पाण्याची भर मात्र गोड्या शुद्ध पाण्यानेच करावी, कारण वाफ उडते, मीठ मागे राहते. शेवाळ खाणाऱ्या काही समुद्री गोगलगायीही पाळाव्यात.

ह्या चरणाऱ्या प्राण्यांचे महत्त्व जमैका बेटाने अनुभवले आहे. तेथे अतिमासेमारीमुळे शेवाळ खाणारे मासे आधीच विरळ झाले होते. १९८३ साली कॅरिबियन समुद्रात साथ येऊन लांब काळ्या काट्यांचा, शेवाळ खाणारा समुद्रप्राणीही बहुतांशी नष्ट झाला. वादळांनी आधीच मोडलेल्या प्रवाळखडकांवर मग शेवाळ माजले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस शेकडा सुमारे ५२ भाग जिवंत प्रवाळांनी व्यापलेला होता. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी तो शेकडा ३ वर आला.

आणखी एक इशारा. मेलेल्या प्रवाळाच्या जागी आपल्या समुद्रातील प्रवाळ तोडून आणणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे.

पेटी निवळण्यास अनेक आठवडे लागतात. लहान मुले मायेने मूठभर खाद्य टाकतात. त्यांना रागे न भरता चिमूटभर घालण्यास शिकवावे. मायेलाही माप असते, हा धडा त्यांना पेटीपलीकडेही उपयोगी पडेल.