भत्त्याला तारीख हवी

आज २२ सप्टेंबर, कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती. श्रीरामपुरात रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून आज प्रतिमापूजन होईल, मुले भाषणे करतील. प्रवरेच्या पाटपाण्यावर वाढलेल्या या गावाचे ‘रयत’शी नाते जुने आहे. कर्मवीर १९५९ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी येथे संस्थेचे महाविद्यालय सुरू झाले. आज ते रावबहादूर नारायणराव बोरावके यांच्या नावाने ओळखले जाते, तर वाणिज्य महाविद्यालयाला चंद्ररूप डाकले जैन यांचे नाव आहे. हरेगाव, टिळकनगर, टाकळीभान, उंदिरगाव अशा गावांतून रोज एसटीने येणाऱ्या मुलामुलींनी इथले वर्ग भरतात. त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे ते पहिलेच.

जयंतीचे हेच दिवस शिष्यवृत्तीचे फॉर्म भरण्याचेही असतात. आपल्याकडे योजनांची कमतरता नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, स्वाधार आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम आहे, इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शुल्कासाठी राजर्षी शाहूंच्या नावाची आणि वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे शुल्क २०२४-२५ पासून शासन भरते. हे सारे स्वागतार्ह आहे आणि ते मिळवण्यासाठी या राज्यात पिढ्यांनी झुंज दिली आहे. तरीही विद्यार्थी एकमेकांना भेटले की एकच प्रश्न कानावर येतो : “तुझी स्कॉलरशिप पडली का?” त्या प्रश्नामागे दोन गोष्टी असतात. पैसे येणार हे माहीत असते. कधी येणार हे कोणालाच सांगता येत नाही.

भाऊरावांनी साताऱ्यात १९२४ मध्ये वसतिगृह उघडले. तिथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत. त्या मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. ही कथा आपण दरवर्षी त्यागाची कथा म्हणून सांगतो. तिच्यात कारभाराचा एक धडाही आहे. संध्याकाळी मुले ताटावर बसणार होती आणि देणगी पुढच्या महिन्यात येईल म्हणून चूल थांबणार नव्हती, हे त्या माउलीने ओळखले. मदतीचे मोल तिच्या रकमेइतकेच तिच्या वेळेवर ठरते.

आपल्या इतिहासातली मोठी उदाहरणे हेच सांगतात. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कला पाठवले, तेव्हा शिष्यवृत्ती ठरली ती महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. महिन्याच्या खर्चाला महिन्याचा पैसा, हा त्यातला हिशेब होता. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांचे शुल्क माफ केले. खेड्यातली मुले त्यामुळे मोठ्या संख्येने महाविद्यालयात पोहोचली.

आजचा हिशेब पाहू. स्वाधार योजनेत तालुक्याच्या ठिकाणी राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ३८,००० रुपये ठरले आहेत. त्यांतले २३,००० जेवणाचे. म्हणजे दिवसाला साधारण ६३ रुपये. त्यात दोन वेळचा डबा आणि सकाळचा चहा बसवायचा. काटकसर करणारी पोरे तेही जमवतात. पण डबेवाल्या मावशींना पैसे एक तारखेला लागतात, खोलीचे भाडे पाच तारखेच्या आत द्यावे लागते आणि भत्ता मात्र सहा-आठ महिन्यांनी, कधी परीक्षा उरकल्यावर येतो. मधले महिने कसे काढायचे? ज्याच्या घरी दोन पैसे आहेत तो काढतो. ज्याला कोणी उसने देते तोही निभावतो. ज्याच्यामागे कोणीच नाही, तो खोली सोडून गावी जातो आणि हजेरी कमी भरली की पुढचा हप्ताही गमावतो. सर्वांत गरीब विद्यार्थ्यासाठी आखलेली योजना उशिरामुळे अशी नेमकी त्याच्याच हातून निसटते. घरची माणसे सावकाराकडून किंवा बचत गटातून पैसे उचलतात, तेव्हा शासनाच्या दिरंगाईचे व्याज शेतमजुराची मजुरी फेडत असते.

उशीर कुठे होतो हे विद्यार्थ्यांना तोंडपाठ आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रावर एक दिवस, जातीच्या दाखल्यासाठी दुसरा. त्या दिवसांचे तास बुडतात. बँकेचे खाते आधारला जोडलेले नसले की पैसे परत जातात. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर फॉर्म भरला की तो आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला, मग समाजकल्याण कार्यालयाच्या लॉगिनला थांबतो. एखादा कागद पुसट दिसला तर फॉर्म ‘सेंड बॅक’ होतो आणि मुलाला ते कळेपर्यंत मुदत संपत आलेली असते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. राज्याने आपला वाटा दिला की मग केंद्राचा निघतो. पहिले पाऊल अडले की सगळी साखळी अडते आणि तोवर शुल्काची थकबाकी विद्यार्थ्याच्या नावावर दिसते.

फुकट मिळाले की किंमत राहत नाही, असे काही जण म्हणतात आणि दाखला कर्मवीरांच्याच ‘कमवा आणि शिका’चा देतात. हा दाखला अपुरा आहे. भाऊरावांनी मुलांना श्रम शिकवले, पण त्यांना उपाशी ठेवून शिकवले नाही. आधी निवारा आणि भाकरी, मग खोरे आणि पुस्तक, असा त्यांचा क्रम होता. सरकारी अनुदान हा रयतेचा हक्क आहे असे ते मानत. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताच्या खेर सरकारने संस्थेचे अनुदान रोखले, तेव्हा ते मुकाट बसले नाहीत. लोकांकडे गेले, आणि सरकारला ते अनुदान पुन्हा सुरू करावे लागले. त्यांचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने रखडलेला भत्ता विद्यार्थ्याचे नशीब म्हणून सोडून देऊ नये.

म्हणून शासनाकडे मागणी आहे ती तारखेची. पहिला हप्ता दिवाळीच्या आत आणि जेवण-निवासाचा भत्ता दरमहा ठरल्या दिवशी खात्यावर जमा व्हावा. सेवा हमी कायद्याने २०१५ पासून दाखल्यांना मुदत बांधली आहे. भत्त्यालाही तशीच बांधावी. एकदा मंजूर झालेल्या विद्यार्थ्याचे नूतनीकरण निकाल आणि हजेरी पाहून आपोआप व्हावे. फॉर्म परत आला तर कारण सोप्या मराठीत त्याच्या मोबाइलवर यावे. शिष्यवृत्ती येईपर्यंत थकबाकीसाठी कोणाचे हॉलतिकीट किंवा दाखला अडवला जाऊ नये. महागाई वाढेल तशी रकमेचीही फेरआखणी व्हावी. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. तीच मुलगी तेराव्या वर्गात गेली की तिला भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. ही सवलत पदवीपर्यंत नेणे शासनाला जड नाही.

शासनाचे चाक फिरेपर्यंत श्रीरामपूरनेही हात आखडू नये. या गावात बाजार समिती आहे, पतसंस्था आहेत, तालुक्यात साखर कारखाना आहे, आणि इथेच शिकून मोठ्या पदांवर गेलेले माजी विद्यार्थी आहेत. या सर्वांनी मिळून प्रत्येक महाविद्यालयात एक फिरता निधी उभारावा. ज्याचा अर्ज मंजूर आहे पण पैसे आले नाहीत, त्याला त्यातून महिन्याचे जेवण आणि भाडे बिनव्याजी द्यावे, भत्ता आला की त्याने ते परत भरावे. एकाचे परत आलेले पैसे दुसऱ्याच्या कामी येतील. कर्मवीरांच्या काळात ‘रयत’च्या शाळा लोकांच्या मूठभर धान्यावर उभ्या राहिल्या. आजच्या श्रीरामपूरला एवढा निधी उभारणे अवघड नाही. या वर्षीच्या जयंतीच्या सभेतच त्याची पहिली पावती फाडली जावी.