विश्लेषण : कैद्यांच्या बदलीसोबत साथही तुरुंगात कशी शिरते?

एप्रिल १९१८. लॉस एंजेलिसहून आलेला एक आजारी कैदी कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगात सुमारे १९०० जणांत मिसळला आणि फ्लू पसरला. रविवारी कोंदट सभागृहात सिनेमा, मंगळवार-बुधवारी दवाखान्यात रांग, हे तुरुंगाचे डॉक्टर लिओ स्टॅन्ली यांनी टिपले. संसर्गानंतर लक्षणे साधारण दोन दिवसांत दिसतात, त्यामुळे हिशेब जुळतो. आजाऱ्याला लगेच वेगळे ठेवा, गर्दी टाळा, एवढाच उपाय.

तरीही मे २०२० मध्ये याच तुरुंगात चिनोहून १२० हून अधिक कैदी हलवले गेले. अनेकांच्या करोना चाचण्या काही आठवडे जुन्या होत्या. पुढे २८ कैदी आणि एक कर्मचारी दगावला.

मुंबईच्या आर्थर रोडची क्षमता ८०४, तेव्हा कैदी अडीच हजारांवर. वेगळे ठेवायला जागाच नव्हती. राज्यातील सुमारे १७ हजार कैद्यांना तात्पुरते सोडण्याचा निर्णय झाला, तो अशा गर्दीमुळेच.