एमेट टिलचा फोटो वर्गात दाखवावा काय?

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांस खऱ्या खुनाचे फोटो शाळेने दाखवावेत की नाहीत, हा वाद अमेरिकेतील शिक्षकांत वरचेवर निघतो, आणि त्यात एमेट टिल या पोराचे नाव हटकून येते. आमच्या वाचकांस हे प्रकरण परके वाटू नये. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक, अमेरिकेत गुलामांस मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांसच अर्पण केले होते.

हकिगत अशी. एमेट हा शिकागोचा कृष्णवर्णी मुलगा, वय चौदा. १९५५ च्या ऑगस्टात तो मिसिसिपीत आईच्या मावशीकडे सुटीस गेला. तेथील एका गोऱ्या दुकानदारणीशी तो आगाऊपणे वागला असा बोभाटा झाला. २८ तारखेच्या पहाटे तिचा नवरा व सावत्र दीर यांनी त्यास घरातून उचलून नेले, हालहाल करून मारले, आणि सरकी काढण्याच्या यंत्राचा पंखा काटेरी तारेने गळ्यास बांधून प्रेत नदीत लोटले. जिनात कापूस घालणाऱ्या वाचकांस त्या पंख्याचे वजन सांगावयास नको.

तेथील अधिकाऱ्यांस प्रेत घाईने पुरावयाचे होते. आई मेमी टिल हिने ते शिकागोस आणविले व लोकांनी पाहावे म्हणून पेटी उघडी ठेवविली. हजारो माणसे पाहून गेली. 'जेट' या नियतकालिकाने फोटो छापले. पुढे बारा गोऱ्या पंचांनी सुमारे तासाभरात दोघांस निर्दोष सोडले, आणि १९५६ साली त्याच दोघांनी पैसे घेऊन एका मासिकापाशी खून कबूल केला!

मुले घाबरतील, सबब फोटो कपाटात ठेवा, असे म्हणणाऱ्यांस आम्ही विचारतो, त्या अधिकाऱ्यांस तरी दुसरे काय हवे होते? आईने जे उघडे केले ते शाळेने झाकू नये. उलट पक्षी कोणी म्हणतात, पोरे मोबाइलवर याहून भयंकर पाहतात, मग भीड कशाची? पोर रस्त्यावर शिव्या ऐकते म्हणून मास्तरांनी त्या फळ्यावर लिहाव्यात काय? त्याच अमेरिकेत एके काळी जमावाने टांगलेल्या कृष्णवर्णी माणसांचे फोटो पोस्टकार्डांवर विकले जात व गोरे लोक ते हौसेने घेत. तेव्हा नुसता फोटो काही शिकवीत नाही.

शिकागोच्या रांगेत लोक आपल्या पायांनी आले होते. बाकावरील मुलास उठून जाता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी मुलांस व घरी कळवावे, आणि ज्यास पाहवणार नाही त्यास भित्रा न म्हणता बाहेर जाऊ द्यावे. वर्गात एखादेच कृष्णवर्णी मूल असेल तर साऱ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळू न देणे हे मास्तरांचे काम.

आणि रीत आईचीच धरावी. तिने पेटीच्या झाकणास आतून एमेटचे नाताळातले जिवंतपणीचे फोटो लावले होते. पुढे ती स्वतः शिकागोत शिक्षिका झाली. वर्गातही आधी तो चांगल्या कपड्यांतला मुलगा यावा, मग खटला, आणि शेवटी ते प्रेत. नंतर मुलांस बोलण्यास भरपूर वेळ हवा. तास संपण्यास पाच मिनिटे उरली असतील तर मास्तरांनी फोटो त्या दिवशी काढूच नये.