कुंपणापलीकडचे भारतीय

भारत-बांगलादेश सीमेवर १९७५ साली ठरले : सीमारेषेपासून दीडशे यार्डांत संरक्षणाचे बांधकाम नको. म्हणून तारेचे कुंपण आपल्याच हद्दीत मागे सरकले आणि पश्चिम बंगालमधली कित्येक घरे, शेते पलीकडे राहिली. तिथल्या शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जायला जवानाकडे ओळखपत्र ठेवावे लागते. फाटक ठरल्या वेळीच उघडते. रात्री बाईला कळा सुरू झाल्या, तर आधी फाटक, मग दवाखाना. यांत हिंदू आहेत, मुसलमानही.

सुरक्षा हवीच. पण देशाची शेवटची वीतभर जमीन जो कसतो, त्याच्याकडेच रोज भारतीय असल्याचा पुरावा मागायचा, हा कुठला न्याय? पुरावा सरकारने द्यावा, ही माणसे आपली असल्याचा!