मूल रुळले म्हणे!

दिवाळीची सुट्टी संपून बालवाडी उघडली की आमच्या फाटकाशी जो आकांत सुरू होतो, त्याची आठवण फराळाच्या ताटावर काढल्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. पण चकली मोडता मोडताच हे ऐकावे. कारण ज्या घरात हा अंक वाचला जात आहे, त्याच घरातले एखादे तीन-साडेतीन वर्षांचे मूल येत्या पंधरवड्यात आईला घट्ट बिलगून रडणार आहे, आणि आपण सारी मोठी माणसे मिळून त्याची मिठी सोडवणार आहोत.

कशी सोडवतो? युक्ती सर्वांना ठाऊक आहे. “ती बघ चिमणी!” म्हणून बाईंनी मुलाचे तोंड खिडकीकडे वळवायचे, आणि तेवढ्यात आईने पसार व्हायचे. मूल वळून पाहते तो आई नाही! मग आमची स्तोत्रे सुरू होतात: “मुलगा असून रडतोस?” “ती बघ, कशी शहाण्यासारखी बसली आहे!” “रडलास तर आई न्यायला येणारच नाही हं!” आठ-दहा दिवसांत मूल गप्प होते. मग आम्ही आईला हसतमुखाने सांगतो, “रुळला हो तुमचा बाळ!”

या ‘रुळला’ शब्दाशीच माझे भांडण आहे.

इंग्लंडातल्या इस्पितळांतही एके काळी हाच शब्द चालत असे. आजारी मुलाला आईबाप भेटायला आले की ते रडते, त्यांना येऊ दिले नाही की निमूट पडून राहते. तेव्हा भेटी कमी त्या बऱ्या, असा तिथला हिशेब. जेम्स रॉबर्टसन यांनी इस्पितळात ठेवलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट घेऊन १९५२ साली तो लोकांपुढे ठेवला. मूल आधी आक्रोश करते, मग खचते, आणि शेवटी आई आली तरी तिच्यापासून तोंड फिरवते, असे रॉबर्टसन यांचे सांगणे होते. अनेक डॉक्टर रागावले. पण १९५९ साली तिथल्या सरकारी समितीनेच आईबापांना मुलांपाशी मोकळेपणी येऊ द्यावे अशी शिफारस केली. शाळा म्हणजे इस्पितळ नव्हे आणि तीन तास म्हणजे आठ दिवस नव्हेत, हे मलाही कळते. पण गप्प बसलेले मूल सुखी असतेच असे नाही, एवढे तरी यातून शिकायला नको का?

मी कुणाला शिकवायला निघालेली विदुषी नव्हे. जेमतेम मॅट्रिक झालेली बाई मी. आणि वर सांगितलेली चिमणी मी स्वतः पुष्कळदा दाखवली आहे. एका मुलाच्या आईला मीच खूण करून पळवले होते. चौथ्या दिवशी तो गप्प झाला, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात मिरवले. दोन महिन्यांनी ती आई डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “बाई, हा मला न्हाणीघराचं दारसुद्धा लावू देत नाही. रात्री माझी बांगडी धरून झोपतो.” मग माझ्या ध्यानात आले: वर्गात मी चिमणीचे नाव काढले की इतर मुले खिडकीकडे पाहत आणि तो दाराकडे पाही. माझ्या शाळेत तो पहिला धडा शिकला होता तो हा.

यावर दोन आक्षेप ठरलेले. पहिला: “आम्ही छड्या खाल्ल्या, आमचं काय बिघडलं?” गृहस्थहो, हे तुम्ही स्वतःच ठरवलेत, घरच्या मंडळींना विचारलेत का? दुसरा: “चाळीस पोरांच्या आया वर्गात बसवायच्या की काय? आणि नोकरी करणाऱ्या आईला रजा कोण देणार?” हा आक्षेप खरा आहे. पण चाळीस मुले एकाच सकाळी आत कोंबा, असा शास्त्राधार कुठे आहे? रोज पाच-पाच घ्यावी. आईला जमत नसेल तर आजी बसेल, आजोबा बसतील. आणि खरे बोलून निरोप घ्यायला रजा लागत नाही; पाच मिनिटे लागतात.

आपल्याच मातीतले उदाहरण घ्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली आणि १९५७ साली त्या कोसबाडला गेल्या. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला, पण त्यातले अंगण किती ठिकाणी पोचले?

कायद्याचे म्हणाल, तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे, दोन्हींना मनाई केली आहे. पण त्या कायद्यातले मूल सहा ते चौदा वर्षांचे. तीन वर्षांचे रडणारे पोर त्या व्याख्येच्या बाहेरच उभे आहे! त्याला आधार आपल्या शहाणपणाचाच.

माझ्या कादंबरीतले एखादे प्रकरण वाचून रडू आले, असे वाचक कौतुकाने कळवतात. मोठ्यांचे रडणे म्हणजे हळवे मन, आणि मुलाचे रडणे म्हणजे नाटक, हा कुठला न्याय?

तेव्हा सुट्टी संपल्यावर एवढे कराच. पळून जाऊ नका. मुलाच्या देखत, त्याच्या डोळ्यांत पाहून सांगा: “मी आता जाते. डबा खाऊन झाला, गोष्ट झाली, की मी फाटकाशी असेन.” आणि तेव्हा फाटकाशी खरोखरच असा. मूल रडेल, रडू द्या, पण एकटे नको. बाईंनी त्याला जवळ घेऊन म्हणावे, “आईची आठवण येते ना? येणारच.” आणि चिमणी दाखवायचीच असेल तर आई निरोप घेऊन गेल्यावर दाखवावी.