चोर सोडून संन्याशाला सुळी

बोगस अर्जांनी बदनाम झालेली एक रुपयातील पीकविमा योजना राज्य सरकारने 2025 च्या खरिपापासून गुंडाळली. 2023 पासून एक रुपया वगळता शेतकऱ्याच्या वाट्याचा हप्ता सरकार भरत होते. आता खरिपाला 2, रब्बीला दीड आणि कापूस-कांद्यासारख्या नगदी पिकांना कमाल 5 टक्के हप्ता त्याच्याच खिशातून जातो. गैरप्रकार थांबायलाच हवे होते. पण झळ सर्वांना सारखी नाही.

नागपूर जिल्ह्यातच पाहा. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराचा फळपीक विमा स्वतंत्र. त्याला ही सवलत नव्हतीच. उमरेड-हिंगण्याच्या कोरडवाहू कापूस उत्पादकाला मात्र हेक्टरी 60 हजारांच्या संरक्षणासाठी 3 हजारांपर्यंत मोजावे लागू शकतात, तेही कृषी केंद्रात बियाणे-खतांची उधारी चढलेली असताना. ठेक्याने वाहणाऱ्याकडे नोंदणीकृत करार नसेल, तर विम्याचे दारच बंद.

मोठा घाव बसला तो भरपाईच्या निकषांवर. स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसानीची तरतूद वगळून भरपाई महसूल मंडळातील पीककापणी प्रयोगांवर बांधली गेली. नाल्याकाठचे एक वावर खरडून गेले आणि मंडळाची सरासरी ठीक भरली, तर त्या शेतकऱ्याच्या हाती भोपळा.

वाचलेला पैसा भांडवली गुंतवणुकीसाठी, असे सरकार म्हणते. पण ठिबक-अवजारांचे अनुदान आधी पदरचे पैसे घालू शकणाऱ्यालाच मिळते. म्हणून दोन हेक्टरांपर्यंतच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा हप्ता सरकारने भरावा आणि स्थानिक आपत्तीची तरतूद पूर्ववत करावी.